पाव आणि अर्धा

पांचवीच्या गणितांत मुलांस असा एक प्रश्न भेटतो, कीं ज्याचें उत्तर त्यांना घरीं ठाऊक असतें व शाळेंत ठाऊक नसतें. पाव आणि अर्धा मिळून किती? वाण्याच्या दुकानीं जाणारी कोणतीहि मुलगी 'पाऊण' म्हणेल. तोच प्रश्न वहींत १/४ + १/२ असा मांडला, कीं कित्येक हुशार मुलें अंशांत अंश व छेदांत छेद मिळवून २/६ असें निःशंकपणें लिहितात.

आमच्या शेजारची मुलगी परवां हेंच उत्तर घेऊन आली. बरोबर कीं चूक, हें आम्हीं सांगितलें नाहीं. २/६ म्हणजे किती, एवढेंच विचारलें. तिनें संक्षेप देऊन १/३ केला, जरा वेळ त्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "काका, हा तर अर्ध्यापेक्षां लहान झाला!"

हें तिला वर्गांत कां सुचूं नये? आमच्या मतें, तेथें तिला रीत आधीं मिळाली आणि कारण मिळालेंच नाहीं. तिरकस गुणा, खालीं छेदांचा गुणाकार लिहा, बेरीज करा. हा मंत्र एक अक्षर चुकला कीं मूल उघडें पडतें. कारण कागदावरचें उत्तर घरच्या उत्तराशीं जुळलें पाहिजे, अशी अपेक्षा बाळगण्याचेंच त्यानें सोडून दिलेलें असतें. गणितांत मार्क कमी पडण्याहून ही हानि आम्हांस मोठी वाटते.

वास्तविक छेद हें तुकड्याचें नांव आहे आणि अंश ही त्या तुकड्यांची मोजणी. अर्धी भाकरी आणि एक चतकोर हे दोन तुकडे खरे, पण ते दोन कशाचे? अर्ध्या भाकरीचे दोन चतकोर केले म्हणजे तीन चतकोर झाले. समच्छेद म्हणतात तो एवढाच.

जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. हें सारें कुटुंब पावाचेंच. त्यांत तिसऱ्या हिश्शाला घर नाहीं. म्हणून खरी अडचण १/२ + १/३ येथें सुरू होते. तिलाहि पूर्वी नाण्यांचा आधार होता. रुपयाचे १६ आणे व आण्याच्या १२ पै, म्हणजे १९२ पै. आणि १९२ ला तिनानें नि:शेष भाग जातो. अर्धा रुपया ८ आणे, तिसरा हिस्सा ५ आणे ४ पै, मिळून १३ आणे ४ पै. १९२ पैकीं १६० पै, म्हणजेच ५/६. एप्रिल १९५७ पासून रुपया शंभर पैशांचा झाला. हिशेब सोपा झाला यांत शंका नाहीं. मात्र रुपयाचे तीन सारखे वांटे करूं गेल्यास आतां एक पैसा हातांत उरतो.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'ला आतां साडेआठशेंहून अधिक वर्षें झालीं. तींत ३, १/५ आणि १/३ यांची बेरीज आहे. ती ५३/१५ येते. लगेच, शिष्याला मित्र म्हणून हांक मारून, १/१४ मधून १/६३ वजा करावयास सांगितलें आहे. एकमेकांच्या छेदांनीं गुणण्याची सरळ रीत तेथें आहेच. परंतु छेदांना आधीं साधारण भाजकानें भागून घ्यावें, ही दुसरी युक्तीहि आचार्य सांगतात. ६३ आणि १४ या दोहोंना सातानें भाग जातो, म्हणून ९/१२६ मधून २/१२६ वजा जाऊन ७/१२६, म्हणजे १/१८ उरतो. सरळ रीतीनें छेद ८८२ येतो आणि ४९/८८२ उरतो. त्याचाहि १/१८ च होतो. ही वाट लांबची खरी, पण ती चुकीची नव्हे. तिच्यावर तांबडी रेघ ओढणारे मास्तर आम्हीं पाहिले आहेत.