शंभर फेरे, तीन मिनिटं

शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात. तिथल्या लग्नसराईत मांडव पुरता उभा राहण्याआधीच झाडावर कर्णा चढलेला असायचा आणि पहिली तबकडी लागायची सनईची. जाणता स्पीकरवाला त्या वेळी कान टवकारून ऐकायचा. गाण्यात शब्द असतात, ठेका असतो. त्यात यंत्राचा दोष झाकला जातो. सनईचा लांबवर धरलेला सूर मात्र काही झाकू देत नाही. ताटली जराशी अडखळली, तरी सूर डुगडुगतो.

त्या डुगडुगण्यावरून दुखणं कुठं आहे तेही कळायचं. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा. सूर बरोबर तेवढ्याच अंतरानं हेलकावत असेल, तर बहुतेक वेळा तबकडीचं भोक मध्यावर नाही किंवा उन्हानं ती वाकली आहे. हेलकावा त्याहून भरभर येत असेल, तर मोटरीची गती ताटलीला देणारं रबरी चाक बघायचं. यंत्र बरेच दिवस पडून राहिलं, की त्या चाकाला एका जागी खळगा पडायचा.

वेग मोजायची रीत साधी होती. तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी खोचायची आणि घड्याळ लावून फेरे मोजायचे. ७८ ची असेल तर मिनिटाला ७८, ३३⅓ ची असेल तर तीन मिनिटांत बरोबर शंभर. चावीच्या ग्रामोफोनला आत गव्हर्नर असायचा. त्याची फिरती वजनं वेग वाढला की बाहेर फाकायची आणि एक चकती गादीवर घासून वेगाला लगाम बसायचा. सेलवरच्या ‘फिएस्टा’ रेकॉर्डप्लेअरचे सेल उतरले, की गायकही दमल्यासारखा वाटायचा.

या सगळ्यापेक्षा पक्की परीक्षा होती पेटीची. शिरूरकडून न्हावऱ्यामार्गे दौंड तालुक्यात उतरलं की चौफुला लागतं. ते संगीतबारीचं ठिकाण. पेटी-ढोलकीवर कान तयार झालेल्या माणसांची या पट्ट्यात कधीच वानवा नव्हती. सिनेमाचं गाणं लागलं, की पेटीवर बोट ठेवून षड्ज शोधायचा. तो दोन सुरांच्या मधेच कुठंतरी पडला, तर यंत्र चुकतंय. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला, की पट्टी अख्ख्या एका सुरानं सरकते, काळी एकची पांढरी एक होते. त्याच्या निम्मा फरकही तयार कानाला बोचतो.

ज्यांच्याकडे बरी यंत्रं होती, ते ताटलीवर रेघांची चकती ठेवत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात ३३⅓ ला १८० रेघा आणि ७८ ला ७७ रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसल्या, की वेग बरोबर. रेघा पुढं सरकल्या तर जास्त, मागं सरकल्या तर कमी. मला ही युक्ती आजही विलक्षण सुंदर वाटते.

पण चकती विजेला खरं मानून चालते, आणि आमची वीज कुठं धड होती? घोड आणि भीमेच्या काठच्या मोटारी सुरू झाल्या, की दिवे मिणमिणायचे. दाब उतरला, की साध्या मोटरीचा वेगही उतरायचा. सिंक्रोनस मोटर दाबाला दाद देत नाही, ती वारंवारितेमागं चालते. आणि नव्वदच्या दशकात पश्चिम भारतात मागणी वाढली, की वारंवारिता ४९ हर्ट्झच्याही खाली जायची. ४८.५ झाली, की सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीनं खाली. पण ट्यूबही त्याच विजेवर लुकलुकत असल्यानं रेघा मात्र शांत उभ्या! चकती म्हणायची सगळं ठीक, पेटी म्हणायची सूर उतरलाय. खरं पेटीचं असायचं.

आज वीज सुधारली. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं जाळं जोडलं गेलं आणि देशभर एकच वारंवारिता झाली. ती आता ५० च्या आसपासच राहते. नेमकी आताच ती चोकवाली ट्यूब घरातून गेली. बऱ्याच एलईडींच्या उजेडात रेघा दिसतच नाहीत. त्याऐवजी मोबाईल ताटलीवर ठेवायचा. त्यातला जायरोस्कोप वेग दशांशात सांगतो. ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली चाचणीची तबकडी लावली, की डुगडुगणंही टक्क्यांत कळतं. पूर्वी हे ऐकून ऐकून समजायला वर्षं लागत. तरुण पोरांना ते पहिल्या दिवशी दिसतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

मोबाईल यंत्राचा वेग सांगतो, तबकडीचा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांतल्या कित्येक तबकड्या ७८ वर भरलेल्याच नव्हत्या. काही सत्तरीच्या आसपास, तर काही ऐंशीच्या वर. त्या काटेकोर ७८ वर फिरवल्या, की गायकाची पट्टीच बदलते, आवाजाचं वय बदलतं. आपण ज्यांना ‘फार उंच गात’ म्हणतो, त्यांच्यातले काही तेवढे उंच गातही नसतील. म्हणून घरातल्या जुन्या तबकड्या संगणकावर उतरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तबकडी किती फेऱ्यांवर वाजवली आणि षड्ज कुठं लागला, हे दोन आकडे गाण्याच्या नावाशेजारी लिहून ठेवा.