उण्या पाण्याच्या वर्षीं

ज्याचें जन्मगांव डोंगराआड किंवा समुद्रापलीकडे राहिलें असेल, त्यास तेथें जावयास वाटखर्च व सवड पुरते. आमचें गांव जुनें पळसदेव. तें इंदापूर तालुक्यांत भीमेच्या कांठीं होतें आणि आज उजनी धरणाच्या पाण्याखालीं आहे. तेथें जावयाचें तर पाऊस चुकावा लागतो.

धरणाचें काम १९६६ सालीं सुरू झालें व १९८० सालीं पुरें झालें. मधल्या काळांत गांव उठून पुणें-सोलापूर सडकेलगत नव्या जागीं गेलें; आमच्यासारखीं कांहीं बिऱ्हाडें पुण्यास आलीं. आम्ही त्या वेळीं सतरा वर्षांचे होतों. निघतांना लोकांनीं तुळया, दारें, जोत्याचे घडीव दगड, जें जें कामाचें तें तें गाड्यांत भरून नेलें. मागें राहिली ती माती.

२०२३ चा पावसाळा तुटका गेला आणि पुढल्या उन्हाळ्यांत धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खालीं उतरलें. ही उण्याची भाषा आम्हां मास्तरांस आरंभीं चमत्कारिक वाटे. पाणी डोळ्यांनीं दिसत असतां उणें कसें? उलगडा असा कीं, सुमारें ११७ अब्ज घनफूट साठ्यापैकीं निम्म्याहून अधिक मृत साठा आहे, आणि शून्य धरावयाचें तें त्याच्या वर. आमचें गांव त्या शून्याच्या खालीं आहे. पळसनाथाचें शिखर उघडें पडल्याचें छायाचित्र वर्तमानपत्रांत आलें, तेव्हां आमचे वडील बंधु (दादांचें वय त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर) काठी घेऊन दारांतच येऊन बसले. त्यांस नको म्हणण्याची घरांत कोणाची छाती झाली नाहीं.

मे महिन्यांत आम्ही दोघे गेलों. थोडें होडींतून, थोडें भेगाळलेल्या गाळावरून. उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकांत राम पुष्कळ वर्षांनीं दंडकारण्यांत परत येतो. सारें पालटलेलें, पण डोंगर जागच्या जागीं असल्यामुळें त्यास स्थळाची खूण पटते. हा अंक आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविला असेल. परंतु भीमेकांठच्या सपाटीला डोंगराचाही आधार नाहीं. खूण म्हणून एक देऊळच काय तें उरलें आहे. देव कधींच नव्या गांवीं नेले. तरी खालचें घडीव दगडी काम, वरचें विटांचें शिखर, आवारांतले वीरगळ व सतीशिळा, सारें इतकीं वर्षें पाणी पिऊन उभें आहे. दादांनीं सभामंडपांत डोकें टेकविलें. रिकाम्या गाभाऱ्यास नमस्कार करावा कीं न करावा हा शास्त्रार्थ आम्हीं त्या दिवशीं काढला नाहीं.

तेथून दादा पावलें मोजीत निघाले. देवळाच्या पायरीपासून आमच्या ओसरीपर्यंत किती पावलें हें त्यांस पाठ होतें; परंतु तीं पावलें तेव्हांच्या तरण्या मुलाचीं, आणि आतांचीं काठीचीं. दोनदां मोजून दोन निरनिराळीं ठिकाणें आलीं. दुसऱ्या ठिकाणीं जात्याची एक तळी गाळांत रुतलेली सांपडली. "हें आईचें," दादा म्हणाले. जातें कोणाच्या घरीं नव्हतें? पण आम्ही कांहीं बोललों नाहीं.

होडीवाला विशीतला मच्छीमार पोरगा होता. त्याचा सारा जन्म ह्या पाण्यावर गेलेला. एका खळग्याशीं होडी वळवितांना तो म्हणाला, "आजोबा, ह्यो आमचा चिलापीचा खड्डा. पन जाळं लय अडकतं हितं, फाटतं." दादा वांकून बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, ही आमच्या मळ्यांतली विहीर. थारोळ्याचे दगड आहेत ते."

"विहीर व्हय?" त्यास खरोखरच नवल वाटलें. "माझा बाप म्हनायचा, खाली कायतरी बांधल्यालं हाय."

आम्ही ज्यास बुडालेलें गांव म्हणतों, तें त्याचें उभें शिवार होतें, आणि त्यांतले खांचखळगे त्यास आमच्याहून अधिक ठाऊक होते. कांठाशीं उतरवितांना त्यानें पैसे घेतले आणि हंसत म्हणाला, "परत या म्हनत नाय, बाबा. देऊळ दिसलं का आमची चूल थंड."

त्याचेंच काय? सोलापूरचें पिण्याचें पाणी ह्याच धरणाचें, पंढरपुराकडील ऊस ह्याच पाण्यावर. आमच्या ओसरीची जागा दिसावी म्हणून इतक्यांच्या घशास कोरड पडावी लागते. वाचक हो, अशी जन्मभूमि ज्याच्या वांट्यास येते, त्यानें देवाजवळ काय मागावें?

त्याच वर्षीं ऑगस्टांत धरण भरलें. आम्ही तें वर्तमानपत्रांतून दादांस मोठ्यानें वाचून दाखविलें. त्यांनीं आंकडा पुन्हा एकदां विचारला. "शंभर," आम्ही म्हणालों. "चला, त्या पोराचें जाळें पाण्यांत पडलें असेल," म्हणून त्यांनीं चहा मागितला.