रिकामा कंस

गेल्या वर्षीं शाळेच्या क्रीडामहोत्सवांत माझ्या हातून एक चूक घडली. ती दिसावयास लहान होती. परंतु तिनें शिकविलेला धडा माझ्या शाळाबंधूंस सांगावा, असें वाटून हे चार शब्द लिहीत आहें.

८०० मीटरच्या शर्यतींत ३२ मुलें चार तुकड्यांत धांवलीं. त्यांतून कमी वेळ घेणारीं ८ मुलें अंतिम फेरीसाठीं निवडावयाचीं होतीं. तें काम गुरुजींनीं मजकडे सोंपविलें. मीं संगणकावर सी भाषेंत एक प्रोग्रॅम लिहिला. डेनिस रिची ह्यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास ही भाषा सिद्ध केली.

तींत क्यूसॉर्ट नांवाचें क्रम लावणारें तयार फंक्शन आहे. दोन वस्तूंपैकीं पुढें कोण, हें मात्र त्याला ठाऊक नसतें. तें ठरविणारें दुसरें फंक्शन आपण लिहून त्याचा पॉइंटर, म्हणजे ठावठिकाणा, त्याच्या हवालीं करावयाचा. क्यूसॉर्ट त्या फंक्शनला दोन वस्तूंचे पत्ते देतें. माझें फंक्शन तर प्रत्यक्ष दोन अंक मागत होतें. कंपायलरनें लागलीच इशारा दिला, कीं प्रकार जुळत नाहींत.

फंक्शनचा पॉइंटर जाहीर करतांना तारांकन व नांव एका कंसांत घालावें लागतें. तो कंस विसरल्यास पॉइंटरऐवजीं पत्ता परत करणारें फंक्शन जाहीर होतें. पुढील कंसांत फंक्शनला काय द्यावयाचें, त्याचे प्रकार लिहावयाचे. हा दुसरा कंस मीं रिकामाच ठेवला! १९८९ च्या प्रमाणापूर्वींच्या जुन्या रीतीप्रमाणें रिकाम्या कंसाचा अर्थ 'काय द्यावयाचें तें सांगितलेलें नाहीं' असा होई, आणि आमचा कंपायलर ती रीत अजून मानीत होता. इशारा नाहींसा झाला. मीं पांच अंक देऊन पाहिले; क्रम बरोबर आला. ते अंक मीं मुळांतच चढत्या क्रमानें दिले होते, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं फलकावर आठांऐवजीं पांचच नांवें लागलीं. माझ्या फंक्शननें वेळांची नव्हे, तर पत्त्यांची तुलना केली होती! यादी होती तशीच राहिली, आणि तींतील आठव्या मुलाची वेळ निवडीची मर्यादा ठरली. माझा एक मित्र फलक वाचून मुकाट्यानें घरीं गेला होता.

गुरुजी रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "बाळ, इशारा गेला, पण त्याचें कारण गेलें काय?"

मीं कंस भरला. फंक्शन दोन पत्ते घेईल व त्या पत्त्यांवरील अंक काढून मग तुलना करील, असें लिहिलें. लांबलचक घोषणेस टाइपडेफनें एक सुटसुटीत नांव दिलें. आतां इशारा आला नाहीं, कारण इशाऱ्याचें कारणच उरलें नव्हतें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या सीच्या नव्या प्रमाणांत रिकाम्या कंसाचा अर्थ 'कांहींच द्यावयाचें नाहीं' असा ठरला आहे. तेथें माझी युक्ति चाललीच नसती.

संध्याकाळीं मित्राच्या घरीं जाऊन त्याच्या आईवडिलांसमक्ष मीं माझी चूक कबूल केली. ते शब्द उच्चारणें प्रोग्रॅम लिहिण्याहून पुष्कळ कठीण गेलें. दुसऱ्या दिवशीं तो धांवला आणि चौथा आला.

असो. सावध करणाऱ्याचें तोंड बंद करणें सोपें असतें. परंतु तेवढ्यानें पुढचा खड्डा बुजत नाहीं, हें मात्र मी आतां विसरणार नाहीं.