रागवून घेणारा देव

गोव्यात कारापूरच्या विठ्ठलापुरात विठ्ठलाचं देऊळ आहे. शेजारून वाळवंटी वाहते, पलीकडे साखळी. चैत्रात उत्सव भरतो. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री सजवलेल्या नावा पाण्यात सोडतात तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते. मला मात्र आवडते ती आडदिवसाची दुपार. फरशी गार असते, बाहेर माडांच्या झावळ्या सळसळत असतात आणि एखादी म्हातारी खांबाला टेकून देवाशी बोलत बसलेली असते. प्रार्थना कसली, उघड भांडणच. 'तुका दिसना मरे?' असं त्याला विचारते. गुडघा, सून, यंदा मोहोर जळालेल्या काजी, सगळा हिशेब त्याच्यासमोर मांडते. आसपासचं कुणी तिला गप्प बस म्हणत नाही. विठोबाला हे नवं नाही. जनाबाईनं त्याला नको नको ते सुनावलं, नामदेव त्याच्यावर रुसला, आणि तो सगळा राग आपण टाळमृदंगाच्या साथीनं आजही गातो.

पेडण्याकडच्या जत्रांत तर याहून पुढची गोष्ट. रात्री उशिरा दशावतार उभा राहतो. गणपती येतो, सरस्वती येते आणि मग काळ्या अंगरख्यातला, लाल जीभ लोंबवणारा संकासूर. ब्रह्मदेवाचे वेद पळवायला आलेला हा दैत्य आधी भटजींची फिरकी घेतो, मग देवाधर्माची, मग पुढच्या रांगेत बसलेल्या मानकऱ्यांची. गाभाऱ्यातला देव हाकेच्या अंतरावर. शेवटी विष्णू त्याला मारतो खरा, पण तोवर लोक त्याच्या बाजूनं हसून घेतात. देवळाच्या अंगणात देवाच्या खर्चानं देवाची टिंगल होते आणि भावना कुणाच्याच दुखावत नाहीत.

मग त्या दुखावतात कुठे?

2024 च्या ऑक्टोबरात त्या डिचोलीच्या पोलीस ठाण्यात नोंदल्या गेल्या. हिंदुत्ववादी नेते सुभाष वेलिंगकर यांनी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांची डीएनए चाचणी करा, अशी मागणी केली होती. जुन्या गोव्यातलं अवशेषांचं दर्शन 21 नोव्हेंबरला सुरू व्हायचं होतं. मडगावात लोक रस्त्यावर उतरले, अटकेची मागणी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी उलटा प्रसंग घडून गेला होता. चिखलीच्या एका पाद्रींनी प्रवचनात शिवाजी महाराज राष्ट्रपुरुष आहेत, देव नव्हेत, अशा अर्थाचं काही म्हटलं आणि त्यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. एका वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेणारे कितीतरी लोक दुसऱ्या वेळी तक्रारीचा कागद घेऊन उभे होते. दोन्ही बाजूंना.

इथे जखमा नाहीत असं कोण म्हणेल? इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, 1560 पासून 1812 पर्यंत चाललं. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून याच डिचोली तालुक्यात नार्व्याला आला, आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचं देऊळ नव्यानं उभारलं. आमचा हा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस गेला. तोवर त्यांचा धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून इथली देवळं राहिली. झेवियरनं गोव्यात इन्क्विझिशन हवं असं पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. ते पत्र वाचावं, त्यावर बोलावं, कडक बोलावं. त्यानं कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्यावं. पण चाचणीची मागणी मला इतिहासाची वाटली नाही. ती समोरच्याला डिवचायलाच होती, असं माझं मत. तरीही त्यासाठी पोलीस? इथे माझं पाऊल अडतं.

कायदा जुना आहे. लाहोरात निघालेल्या एका पुस्तिकेवरून देश पेटला, तेव्हा 1927 मध्ये इंग्रजांनी 295-अ हे कलम घातलं. आता ते भारतीय न्याय संहितेत 299 झालंय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं 1957 मध्ये ते वैध ठरवलं, पण सहज किंवा नकळत झालेला अपमान त्यात बसत नाही, हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं केलेलाच बसतो, असंही सांगितलं. आता बोलणाऱ्याच्या मनातली ही दुष्ट बुद्धी ठाण्यातल्या फौजदारानं मोजायची कशी? बाहेर शंभर माणसं ओरडत असली की मोजमापही त्यांच्या आवाजानंच होतं.

भावना कधी दुखावतात, याच्या एका उत्तरावर बरीच वर्षं मी समाधानी होतो. जवळच्यानं बोललं की चालतं, परक्यानं बोललं की लागतं. म्हातारीचा विठोबा तिचा आहे, संकासूर गावचाच आहे. ऐकायला हे छान. पण मग चोखोबाचं काय? त्याचा विठोबावरचा हक्क कुणाहून कमी नव्हता आणि त्याला देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. तो पायरीपाशी उभा राहून बोलला. तुकोबा तर घरचाच, तरी त्याच्या वह्या इंद्रायणीत गेल्या. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यातल्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, ते काय परके होते? जवळीक कुणाची खरी, हे ठरवणारा नेहमी आत बसलेला असतो. त्यामुळे जवळीक हा शिष्टाचार म्हणून ठीक. मी स्वतः दुसऱ्याच्या अंगणात जीभ आवरेन, आणि न आवरणाऱ्याला तोंडावर उद्धट म्हणेन. मात्र त्याला कोठडीत घाला असं म्हणणार नाही. तो कितीही परका असला तरी.

आमच्याच तालुक्यात शिरगावची लईराई देवी. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण ही तिची बहीण, असं लोक मानतात. ईस्टरनंतर सायबिणीचं फेस्त येतं तेव्हा हिंदू बायाबापड्या तिला तेल वाहतात. उद्या एखादा अभ्यासक लिहील की या नात्याला कागदोपत्री पुरावा नाही, ही पुढं रचलेली कथा आहे. त्यानं लिहावंच. तळटिपांसकट लिहावं. मी वाचेन, पटलं तर पटलं म्हणेन, आणि म्हापशाला तेल वाहायला निघालेल्या शेजारणीला गाडीतून सोडूनही येईन. आणि त्या लेखावर तक्रार द्यायला कुणी साखळीहून तावातावानं डिचोलीला निघाला, तर कारापूर तिस्कावर त्याला थांबवून आधी चहा पाजीन, आणि विचारीन, लेख वाचलास का रे?