फोडल्यावर सांगतो

आमचा फ्लॅट कोथरूडमधला, १९८४ साली बांधलेल्या इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा. ६२० चौरस फूट. चार-पाच वर्षांनी लागणारा रंग सोडला, तर त्याला कधी कुणी हात लावला नव्हता. मोझॅकची फरशी, कडाप्प्याचा ओटा, भिंतीवर लाकडी पट्ट्यांवरून फिरणारं वायरिंग आणि ज्यांतून पाणी कमी आणि गंज जास्त येतो असे जीआयचे पाइप. मी बँकेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले आणि त्याच सुमारास खालच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या बाथरूमच्या छताचा गिलावा फुगून खाली आला होता. त्यावर बरोबर आमची मोरी. मग काय, नवरा म्हणाला, एक फोडायचंच आहे तर सगळंच करून घेऊ.

हातात आठ लाख होते. त्याहून एक रुपया जास्त नाही, हे आधीच ठरलं होतं.

तीन जणांकडून अंदाज मागवले. पहिला आला तो सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारून गेला आणि जिन्यात उभा राहून म्हणाला, "साडेपाच लाख, ऑल इन्क्लुझिव्ह. किल्ली द्या मॅडम, दीड महिन्यात घर घ्या." मी म्हटलं, लिहून द्या. त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे ५.५ एवढंच लिहिलं. दुसरी एक इंटिरियरची कंपनी. त्यांनी लॅपटॉपवर आमचंच घर असं काही दाखवलं की त्यात आम्ही राहतो यावर विश्वास बसेना. आमच्या दिवाणखान्यात एक ऑलिव्हचं झाडही होतं. अकरा लाख, वर १८ टक्के जीएसटी.

तिसरा मिस्त्री. मूळचा अक्कलकोटकडचा. तो टेप घेऊन आला आणि आल्याबरोबर माप घ्यायचं सोडून प्रश्न विचारत सुटला. पाणी किती वाजता येतं? टाकी भरायच्या वेळी कुणी वॉल्व्ह बंद केला तर चालेल का? लिफ्टमधून सिमेंटची पोती नेऊ देतात की जिन्याने? राडारोडा खाली टाकायला जागा आहे का, आणि किती दिवस? दुपारी काम बंद ठेवायला लागतं का? आमच्या सोसायटीत एक ते तीन हातोडा बंद असतो. हे पुणे आहे. तो म्हणाला, "म्हणजे दोन माणसांची रोज दोन तासांची मजुरी बसून जाणार. ती धरावी लागंल." मग खोल्यांच्या दारांखाली बोटं घालून पाहिली. "जुन्या फरशीवर नवी घातली तर दारं खालून रंधावी लागतील, ताई. आणि हॉलमधून खोलीत जाताना पायरी होईल." हातोड्याच्या दांड्याने मोझॅक वाजवत तो हॉलभर फिरला. "ही कशाला काढताय? एकही लादी पोकळ नाही. पॉलिश करा."

त्याचा अंदाज आला तो शाळेच्या वहीच्या चार पानांवर. खोलीवार, कामवार. मजुरी वेगळी, माल वेगळा. गिलावा चौरस फुटावर, स्कर्टिंग रनिंग फुटावर, वायरिंग पॉइंटवर. एकूण सहा लाख नव्वद हजार. आणि बाथरूमच्या पानावर 'वॉटरप्रूफिंग व ड्रेनेज' असं लिहून पुढची रक्कम कोरी.

"हे राहिलं," मी म्हटलं.

"राहिलं नाही. ते फोडल्यावर सांगतो."

"अंदाजाने तरी?"

"अंदाजाने सांगितला तर एकतर तुम्ही बुडणार, नायतर मी."

नवऱ्याला ही कोरी ओळ अजिबात आवडली नाही. त्याचं म्हणणं, ज्याचा आकडा पक्का तो माणूस पक्का. माझी सगळी नोकरी कर्जखात्यात गेली. तिथे मी उलटं शिकले होते. ज्याच्या प्रकल्प अहवालात सगळे रकाने भरलेले आणि सगळे आकडे गोल, त्याची फाइल आम्ही दोनदा वाचायचो. चाळीस वर्षांच्या कोब्याखाली काय आहे हे कार्डावर ५.५ लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं, लॅपटॉपवाल्यांनाही नव्हतं. त्यांनी ते आकड्यात झाकलं होतं, याने उघडं ठेवलं होतं. घराचं अंदाजपत्रक खर्च कळावा म्हणून मागवतात असं सगळे समजतात. माझ्या मते ते माणूस कळावा म्हणून मागवावं. खर्च काही केल्या आधी कळत नाही.

तरी नुसत्या वहीवर काम दिलं नाही. त्याला म्हटलं, अलीकडचं काम दाखवू नका, दोन वर्षं झालेलं दाखवा. नवं काम सगळ्यांचंच चकचकीत असतं. त्याने कर्वेनगरमधला एक पत्ता दिला. तिथल्या बाईंनी कौतुकाने टाइल्स दाखवल्या. मी मात्र सिंकखालचं दार उघडून आत वाकले, बाथरूमच्या कोपऱ्यात पाणी साचतं का पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारला: पैसे फिटल्यावर काही बिघडलं तेव्हा बोलावलं, तर आला का? "आला, पण चार दिवसांनी," त्या म्हणाल्या. हे उत्तर मला 'लगेच आला'पेक्षा खरं वाटलं. आणखी एक चौकशी केली ती हार्डवेअरच्या दुकानात. कुठला मिस्त्री कसा, हे गिऱ्हाइकापेक्षा उधारीवर माल देणाऱ्याला जास्त कळतं. दुकानदार म्हणाला, "शनिवारी मजुरांचा पगार करतो, सोमवारी माझे देतो." मजूर मध्येच का सोडून जातात, हे ज्याला माहीत आहे त्याला या वाक्याची किंमत कळेल.

काम दिवाळीनंतर सुरू करायचं आणि होळीच्या आधी संपवायचं, हेही त्याचंच गणित. पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही. दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर भाव ऐकवत नाही. सुतार गोरखपूरकडचे, ते होळीला गावी गेले की लग्नं उरकूनच येतात. फरशीवाले राजस्थानचे, त्यांचं कॅलेंडर आणखी वेगळं. आपल्या घराचं वेळापत्रक असं चार राज्यांच्या सणांनी ठरतं.

माल मी स्वतः आणायचा असं ठरलं. टाइल्ससाठी गंगाधाम ते कात्रज-कोंढवा रस्ता पालथा घातला. तिथे दुकानात शिरलं की 'काय दाखवू' विचारायच्या आधी 'कुणी पाठवलं?' विचारतात. साधा वाटतो, पण सगळा भाव या प्रश्नात आहे. मिस्त्रीचं किंवा इंटिरियरवाल्याचं नाव सांगितलं की त्याचं कमिशन आपल्या बिलात बसतं. मी 'कुणी नाही' म्हणत राहिले. एकदोन ठिकाणी भाव खरंच उतरला.

दुसरी गोम पेटीत. टाइल बोलीभाषेत 'दोन बाय दोन', पण असते ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार टाइल्सची पेटी सोळा चौरस फूट भरते असं दुकानदार सांगतो, भरते साडेपंधरा. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून आमची जागा ३०० चौरस फूट. कापाकापीत जाणारी दहा टक्के धरली की ३३०. सोळाने भागलं तर २१ पेट्या, साडेपंधराने २२. एका पेटीने असा काय फरक पडतो? पैशाचा नाही पडत. पण नंतर एक पेटी आणायला गेलात तर ती दुसऱ्या बॅचची येते, आणि मोरबीच्या कारखान्यातून निघालेल्या दोन बॅचचा रंग एकच असेल याची खात्री कुणी देत नाही. मी २३ घेतल्या. उरलेली पेटी माळ्यावर आहे.

टाइल्सबरोबर त्या चिकटवायचा ॲडहेसिव्ह घ्या, असं दुकानदार म्हणाला तेव्हा मला तो विक्रीचा डाव वाटला. मिस्त्रीने समजावलं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती धरत नाही. काही महिन्यांनी वाजवली की पोकळ आवाज येतो. मग हा खर्च वाढवला, पण हॉलची मोझॅक वाचली होती. पॉलिशचं मशीन फिरलं आणि त्या करड्या फरशीतून हिरव्या-तांबड्या चिपा अशा वर आल्या की मुलगी म्हणाली, ही आधीपासून इथेच होती?

वायर मात्र तपकीर गल्लीतून आणली, ९० मीटरची बंडलं. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगना अडीच, गीझर-एसीला चार. वायरमनला एकच बजावलं, पॉइंट म्हणजे काय काय, ते आधी लिही. बोर्ड, डबी, पाइप, झिरी मारणं आणि मारलेली झिरी बुजवणं, यांतलं शेवटचं कुणाच्याच पॉइंटमध्ये नसतं. वायरमन म्हणतो ते गवंड्याचं, गवंडी म्हणतो वायरमनचं. आमच्याकडे त्या एका ओळीचे नऊ हजार वाचले, कारण मिस्त्रीने ती वहीत धरली होती. त्याच दिवसांत सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून. मी मोठ्या आनंदाने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या घराला पोती लागणार चाळीस. हजारभर रुपये वाचतील. तेवढ्यात मजुरांचा चहा होईल."

मग मोरी फोडली.

फरशी निघाली, खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा निघाला. काळा, ओला, वास मारणारा. मिस्त्रीने तो हाताने दाबला तर पाणी सुटलं. वाटलं, झालं, वॉटरप्रूफिंगच गेलं. पण तो थांबला नाही. नहाणी ट्रॅपपासून भिंतीकडे जाणारा बिडाचा पाइप पूर्ण मोकळा करायला लावला आणि मला बोलावलं. पाइप धड होता. तो भिंतीत जिथे बाहेरच्या उभ्या पाइपला मिळतो, तिथल्या सांध्याला तडा होता. "नुसतं वरून केमिकल मारून फरशी घातली असती, तर पुढच्या वर्षी काकूंचं छत परत पडलं असतं."

आता तो सांधा कुणाचा? घराच्या आतली गळती सभासदाची आणि बाहेरच्या सामायिक पाइपची सोसायटीची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. सांधा मात्र बरोबर नऊ इंची भिंतीच्या पोटात. कमिटीची बैठक आमच्या फोडलेल्या मोरीतच भरली. अध्यक्ष आतून बघत होते, सचिव खाली डक्टमध्ये उभे राहून वर. एका सभासदाने भिंतीची मध्यरेषा काढून खर्च विभागायची सूचना मांडली आणि ती त्यांनी गंभीरपणे मांडली होती. तासाभराने मिस्त्री म्हणाला, "साहेब, पाइप तुमचा, फोडणं-बुजवणं यांचं. चालतंय का?" चाललं. इतिवृत्तात हा तोडगा कमिटीने सुचवला अशी नोंद आहे.

त्या संध्याकाळी त्याने वही मागितली आणि कोरी ओळ भरली. अठ्ठेचाळीस हजार. खाली फोड केली: जुना कोबा काढणं, नवे पाइप, नवा कोबा, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मजुरी. मी एकूण आठातले सहा नव्वद त्याच्या वहीला, साठ हजार या ओळीला आणि पन्नास हजार कशालाच नाही असे बाजूला काढले होते. ते 'कशालाच नाही'चे पैसे सगळ्यात आधी संपले: मुख्य दाराची चौकट वाळवीने आतून पोखरली होती, आणि रंगारी जिन्याच्या बाजूची भिंत धरायला विसरला होता.

पैसे तारखेवर द्यायचे नाहीत, कामावर द्यायचे, हे पहिल्या दिवशीच बोललो होतो. सुरुवातीला उचल दहा टक्के. पुढचा मोठा हप्ता पाण्याच्या परीक्षेनंतर. ट्रॅप बंद करून मोरीत चार इंच पाणी भरलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. त्या दोन दिवसांत खालच्या काकू दर दोन तासांनी फोन करून सांगत होत्या, "कोरडं आहे गं." रात्री साडेदहालाही. मिस्त्रीपेक्षा त्यांचीच परीक्षा जास्त झाली असावी. शेवटचे पस्तीस हजार पावसाळा संपल्यावर द्यायचे ठरलं होतं. त्याला ते फारसं पटलं नव्हतं. म्हणाला, असं कुणी ठेवत नाही. मी म्हटलं, असं कुणी कोरी ओळही ठेवत नाही. यावर हसला आणि तयार झाला.

होळीच्या आठवडाभर आधी सुतार गेले, त्यानंतर रंगारी, आणि एका सकाळी घरात फक्त आम्ही आणि सिमेंटची धूळ उरलो. काकूंच्या छताचा गिलावा आणि रंग आमच्याच खर्चात करून दिला. तो वहीत नव्हता, पण तो द्यायचा हे आधीच मनात धरलेलं होतं.

आता काकूंना त्यांचं स्वयंपाकघर करायचं आहे. त्यांनी मिस्त्रीचा नंबर मागितला, फोन केला आणि जरा रागावूनच वर आल्या. "अगं, तो म्हणतो दिवाळीनंतर या. मी म्हटलं, निदान अंदाज तरी सांग. तर म्हणे..."

"फोडल्यावर सांगतो," मी म्हटलं.

"हो ना! मग मी त्या दुसऱ्याला बोलावलंय उद्या. साडेतीन लाखांत करतो म्हणाला, फोनवरच."