मध्यरात्रीच्या उन्हांतील चित्रें

उत्तर ध्रुव म्हटला कीं मराठी घरांतील वाचत्या माणसांस लोकमान्यांचा १९०३ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ आठवतो. वेदांतील दीर्घ उषेचीं वर्णनें ध्रुवप्रदेशाचीं असावींत, हा त्यांतील सिद्धान्त आजचे बहुतेक संशोधक मान्य करीत नाहींत. पण त्या ग्रंथानें ध्रुवप्रदेश आमच्या माजघरांत आणून बसविला, हें खरें. तो प्रदेश प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस साठी उलटल्यावर आला, तो पुतण्यामुळें. छायाचित्रण हा त्याचा व्यवसाय. फळीवर उभें राहून हिमखंडांतून जलप्रवास करणाऱ्या चौघांचीं चित्रें घेण्याचें काम त्यानें पत्करलें होतें. सामानाबरोबर त्यानें आम्हांसही नेलें.

नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड नांवाचा द्वीपसमूह आहे. स्पिट्सबर्गेन हें त्यांतील सर्वांत मोठें बेट. येथें उन्हाळ्यांत सुमारें चार महिने सूर्य मावळत नाहीं. सायंसंध्या कोणत्या वेळीं करावी, असा प्रश्न आम्हांस पडला. शेवटीं घड्याळासच प्रमाण मानलें. १९२० च्या करारान्वयें ही भूमि नॉर्वेच्या स्वामित्वाखालीं आली. ब्रिटिश साम्राज्याच्या नांवानें हिंदुस्थानही त्या करारांत सामील होता. काँग्सफियोर्ड या खाडीच्या कांठीं न्यू-ओलेसुंड नांवाचें चिमुकलें गांव आहे. पूर्वीं येथें दगडी कोळशाची खाण होती. १९६२ सालीं तींत स्फोट होऊन २१ माणसें दगावलीं व पुढें खाण बंद पडली. आतां तेथें नाना देशांचे शास्त्रज्ञ राहतात. २००८ पासून भारताचें ‘हिमाद्रि’ हें केंद्रही तेथेंच आहे. इतक्या दूर आपल्या पर्वतराजाचें नांव वाचून मन भरून आलें.

ज्या फळीवरून हे लोक प्रवास करतात, ती हवा भरून ताठ केलेली, दहा-बारा फूट लांबीची असते. तिजवर उभें राहून एकाच लांब वल्ह्यानें ती हांकावयाची. ती पाण्यांत खोल बुडत नाहीं व आवाज करीत नाहीं, म्हणून जेथें नौका अडते तेथेंही ती जाते. मात्र पाणी हाडें गोठविणारें. खारें पाणी शून्याखालीं सुमारें दोन अंशांवर गोठतें. त्याच्या जवळपासच्या थंडीचें तें पाणी. अंगांत पाणी न शिरणारा पोशाख असला तरी एकाएकीं आंत पडणाऱ्याचा श्वास पहिल्याच क्षणीं कोंडतो. शिवाय हिमनगाचा सुमारें नऊ दशांश भाग पाण्याखालीं असतो. तो झिजला कीं तोल सुटून सबंध डोंगर उलटतो. यासाठीं अंतर राखणें हा येथील पहिला नियम. पांढऱ्या अस्वलांच्या भयास्तव वाटाड्याजवळ बंदूक असतेच.

छायाचित्रकाराच्या अडचणी निराळ्या. कॅमेऱ्याचें प्रकाशमापक जें दिसेल तें करड्या रंगाचें समजतें, म्हणून शुभ्र बर्फ चित्रांत मळकट उतरतो. यास्तव त्याच्या मापापेक्षां अधिक प्रकाश आंत घ्यावा लागतो. थंडीनें बॅटरी लवकर मंदावते. पुतण्या ती छातीशीं, आंतल्या खिशांत ठेवी. गार कॅमेरा उबदार खोलींत उघडा नेला तर त्यावर दंव धरतें, म्हणून तो पिशवींत बांधूनच न्यावयाचा. सर्वांत सुंदर उजेड रात्रीं बारा ते दोनच्या दरम्यान, सूर्य खालीं उतरून सांवल्या लांबल्या म्हणजे. दाबानें घट्ट झालेला जुना बर्फ तेव्हां नीलमण्यासारखा दिसतो, आणि वितळतांना त्यांत कोंडलेले हवेचे बुडबुडे फुटून खाडीभर लाह्या फुटल्यासारखा आवाज होत राहतो.

अशाच एका रात्रीं आम्ही वाटाड्याच्या लहान नावेंत पुतण्याच्या मागें बसलों होतों. त्यानें कॅमेरा डोळ्यास लाविला होता. दूरवर एक हिमनग गडगडत उलटला. लाट आली आणि चौघांतील सर्वांत लहान मुलगी फळीवरून पाण्यांत गेली. त्या क्षणीं पुतण्यानें कॅमेरा आमच्या मांडीवर टाकला व ओणवून हात पुढें केला. वाटाड्यानें नाव वळविली, दोघांनीं मिळून तिला वर ओढलें. तिचे ओठ काळेनिळे पडले होते. पण तासाभरांत ती गरम चहा पीत हंसूं लागली.

मागाहून जहाजावर कोणी म्हणालें, “खरें चित्र तेंच होतें, तें हुकलें.” पुतण्या आमच्याकडे वळून म्हणाला, “काका, तें चित्र मीं तिच्या आईला कोणत्या तोंडानें दाखविलें असतें?”

याच स्पिट्सबर्गेनच्या वायव्य टोंकाजवळील एका बेटावरून १८९७ सालीं आंद्रे, स्ट्रिंडबर्ग व फ्रेंकेल हे तीन स्वीडिश साहसी पुरुष विमानगोलांतून ध्रुवाकडे निघाले होते. तिसऱ्या दिवशीं गोल बर्फावर उतरला. पुढें ते घसरगाड्या व नाव ओढीत चालले, आणि क्विटेया, म्हणजे शब्दशः श्वेतद्वीप, येथें मरण पावले. १९३० सालीं त्यांचे अवशेष सांपडले, आणि स्ट्रिंडबर्गनें वाटेंत घेतलेल्या चित्रांच्या फिल्मही. तेहतीस वर्षें थंडींत पडून असलेल्या त्या फिल्मांतून ९३ चित्रें उजेडांत आलीं. तेथें मदतीस धांवणारें कोणी नव्हतें; चित्र तेवढें मागें उरलें.

चित्राचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. या खाडीवरच्या हिमनद्या वर्षानुवर्षें मागें हटत आहेत. पुतण्यानें टिपलेली बर्फाची भिंत उद्यांच्या मुलांस पुराव्यादाखल उपयोगी पडेल. पण ज्या हातानें चित्र घ्यावयाचें, तोच हात वेळप्रसंगीं मोकळा करतां आला पाहिजे. एरवीं घरांतील लहानांस आम्ही शिकवितों. हा धडा मात्र आम्हीं लहानाकडून घेतला.