भूल देणारी डॉक्टर

भोपाळच्या मराठी घरांच्या आठवणी इथे वाचत असते, म्हटलं आज आपणही एक लिहावी.

१ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झालं आणि नागपूरच्या कितीतरी सरकारी कुटुंबांबरोबर माझे बाबाही टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये आले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. १९८८ साली मी गांधी मेडिकल कॉलेजात भूलशास्त्राच्या एम.डी.ला लागले, तेव्हा आईने शेजारच्या आंटींना कौतुकाने सांगितलं, "हमारी बेटी भूल देती है." आंटी गप्पच! हिंदीत भूल म्हणजे चूक ना!

नातेवाईकांचं वेगळंच. "सर्जन का नाही झालीस गं? ऑपरेशन तर तेच करतात." मला काही उत्तर सुचायचं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पेशंटला वॉर्डात भेटायला जायचो. औषधं, जुने आजार, हलणारे दात, हे सगळीकडेच विचारतात. भोपाळमध्ये आणखी एक प्रश्न असायचा, "गैस लगी थी?" १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. जे वाचले त्यांतल्या अनेकांची फुप्फुसं कायमची अधू झाली. नुसत्या बसलेल्या माणसाकडे बघून ते कळत नाही. आमच्या मॅडमनी शिकवलं होतं, पेशंटला एक जिना चढायला लावा. ओठांचा चंबू न करता, सहा इंचांवरची पेटती काडी फुंकायला सांगा.

काझी कॅम्पची एक बाई गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी आली होती. "कोई तकलीफ नहीं," म्हणाली. पण काडी काही विझेना. मी तिच्याजवळ बसून राहिले. मग हळूहळू बोलली. त्या रात्री ओढणी तोंडावर दाबून, दोन मुलींना घेऊन ती धावली होती. तेव्हापासून थंडीतही रजई तोंडावर घेता येत नव्हती. "बस, मुँह पर कुछ मत रखना, डॉक्टर साहिबा."

मॅडमनी पाठीतून भूल द्यायचं ठरवलं. ऑक्सिजन मात्र लागणारच होता. मी त्याच संध्याकाळी मास्क वॉर्डात नेऊन तिच्या हातात दिला. "यह आप ही पकड़ना. घबराहट हो तो हटा देना."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनभर तो मास्क तिने स्वतःच धरला. दोनदा काढला, दोनदा परत लावला. मी उशाशी नाडीवर बोटं ठेवून तिच्या मुलींच्या शाळेच्या गोष्टी ऐकत होते. सगळं नीट पार पडलं.

वर्षभरात नळी घालणं, पाठीत सुई देणं, बॉइल मशीन, सगळं हाताखाली आलं. पण त्या बाईनंतर वॉर्डातल्या माझ्या फेऱ्या लांबल्या, घरी यायला रात्र व्हायची. बाबांना हे सगळं सांगितलं होतं. पुढे कुणी "सर्जन का नाही?" विचारलं की तेच म्हणायचे, "सर्जन ऑपरेशन करतो, पण तेवढा वेळ पेशंटचा श्वास आमच्या पोरीकडे असतो."

तर मंडळी, घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना सगळं सांगा. धाप, औषधं, कधी खाल्लं-प्यायलं, आणि मनातली भीतीसुद्धा. तीही आमच्या कामाची असते.